बिनसोन्याचं कोलम

असं समज, की तू एका लग्नाच्या हॉलमध्ये आहेस. लग्न नाही. खुर्च्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्यात, पंखे गरगरताहेत आणि चारी भिंतींवर चित्रं टांगलीत. उजवीकडे लोणी खाणारा बाळकृष्ण, गुटगुटीत, अंगभर सोनं. डावीकडेही बाळकृष्ण. पुढे सिंहासनावरचा राम, मग लक्ष्मी, मग परत बाळकृष्ण. सगळी चित्रं तंजावूरची. फळीवर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि डिंक कालवून लगदा करायचा, त्या लगद्यानं दागिने आणि कमानी उठावदार करायच्या आणि त्या उंचवट्यांवर सोन्याचा वर्ख बसवायचा. तिथं शेकडो वर्षं असंच चाललंय.

बघून झालं? आता डोळे मीट. काय दिसतंय?

सोनं दिसत असणार. कुठला कृष्ण कुणी काढला, ते सांगता येईल का? मलाही नाही येणार. सगळंच चकाकत असलं की डोळ्याला धरायला काही सापडत नाही.

विनुतानं मात्र त्या हॉलमध्ये डोळे मिटले, तेव्हा तिला सोनं दिसलं नाही.

विनुता दहा वर्षांची होती. ती तंजावूरची, पण तिच्या घरात मराठी बोलतात, कारण मराठे राजे तिथं राज्य करत होते तेव्हा तिचे पूर्वज तिकडे गेले आणि तिथलेच झाले. तिला मराठी सगळी कळायची. बोलताना मात्र वाक्याच्या मध्येच तमिळ यायचं, जसं वाटेत ओळखीचं माणूस भेटावं तसं. तिला हॉलमध्ये घेऊन आले होते तिचे आजोबा, सूर्यनारायण. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त झाले होते आणि एकच नाद उरला होता. ज्यांचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही, असे चांगले चित्रकार शोधायचे.

हा नाद वाटतो तितका सोपा नाही. चित्रांचाही बाजार असतो. बाजारात एकदा एखाद्याचं नाव झालं, की त्याची वाईट चित्रंही लोक डोक्यावर घेतात. आणि नाव झालेलं नसलं, की चांगल्या चित्राखालून लोक छत्री झटकत निघून जातात. नाव होण्याच्या आधी ओळखायचं, ही खरी गंमत. आजोबांना ती साधली होती. त्यांनी पूर्वी सांगितलेला एक मुलगा आता मोठा चित्रकार झाला होता. तेव्हापासून चेन्नईत चित्रांची गॅलरी चालवणाऱ्या वाणी मॅडम दरवर्षी त्यांना फोन करायच्या, "सर, यंदा कोण?"

आजी मात्र हसायची. "भिंती भरल्या आता," ती म्हणायची. "पुढचं चित्र आणलंत तर छताला लावा. मी निजून बघत जाईन."

आजोबांनी विनुताला एक खेळ शिकवला होता. चित्रं बघायची, मग त्यांच्याकडे पाठ करून डोळे मिटायचे आणि आत काय उरलं ते सांगायचं. किंमत बघायची नाही, नाव वाचायचं नाही.

"काय उरलं गे?" आजोबांनी विचारलं.

"पांढरं," विनुता म्हणाली.

"पांढरं? इथं पांढरं कुठं आहे?"

"आहे की. तिकडं. स्विचबोर्डच्या खाली."

आजोबांनी चष्मा वर केला. खरंच, स्विचबोर्डच्या खाली, पाटीएवढं एक चित्र होतं. मातीच्या रंगाची जमीन आणि तिच्यावर पांढरं कोलम. रांगोळीला तिकडे कोलम म्हणतात. तांदळाच्या पिठानं रोज सकाळी दारात काढतात. चित्रातल्या रेघा लगद्याच्या होत्या, अगदी कृष्णाच्या हारासारख्या उठावदार. पण त्यांवर सोनं नव्हतं. शिवाय अर्धं कोलम पुसलेलं होतं, कुणीतरी त्यावरून चालत गेल्यासारखं.

हॉल सांभाळणारा माणूस जवळ आला. "ते अर्धवट आहे सर. मणी चित्रकाराच्या पोरीनं हट्टानं लावलंय. सोनं लावायचं राहिलंय त्याला."

आजोबा त्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले, की विनुताचे पाय दुखायला लागले.

"घ्यायचं का?" तिनं विचारलं.

"अजून नाही. एक चांगलं चित्र कुणाच्याही हातून निघतं. दुसरं बघू. दुसरंही चांगलं निघालं तर तिसरं बघू. मग कळतं, चांगलं चित्र आहे की चांगला चित्रकार."

*

मणीचं घर मेल वीधी नावाच्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या पडवीतच त्याचं काम चालायचं. सगळीकडे डिंकाचा वास. मणी मांडी घालून बसला होता आणि समोरच्या लक्ष्मीच्या गळ्यावर सोन्याचा वर्ख बसवत होता. आजोबांना बघून तो लगबगीनं उठला.

"या, या सर! आणि ही कोण, नात? बस गे, बस. कॉफी घेतेस की दूध?"

मणीचं घराणंही मूळचं मराठीच, पण चार पिढ्या हाच धंदा. विनुता लक्ष्मीजवळ जाऊन बसली. कंठा इतका लखलखीत होता, की तिनं हळूच बोट लावलं. बोट उचललं तर सोनं बोटाला.

ती घाबरली. मणी मात्र मोठ्यानं हसला. "अय्यो! लक्ष्मीचा कंठाच पळवलास की! खाली डिंक ओला असतो, बाळा. तो धरेपर्यंत नुसता ओला हात जरी लागला तरी सोनं निघून येतं." त्यानं तिचं बोट पुसलं नाही. "राहू दे तसंच. आज तू श्रीमंत," म्हणाला आणि कंठा परत करायला बसला.

कविता वरच्या खोलीत होती. ती मणीची एकुलती एक मुलगी. बापाकडून लगदा आणि सोनं शिकली, मग कुंभकोणमला जाऊन चित्रकला शिकली आणि आता दिवसाचे काही तास बापाला मदत करून उरलेला वेळ वरच्या खोलीत स्वतःची चित्रं काढायची. आजोबांनी विचारलं, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं एकेक करून वळवली.

सगळ्या चित्रांत एकच दार होतं, एकच कोलम. एकात ते नुकतंच काढलेलं. एकात दूधवाल्याच्या सायकलचं चाक त्यावरून गेलेलं. एकात शाळेची मुलं धावून गेल्यावर जेवढं राहील तेवढं. एकात दुपार, आणि पीठ नेणाऱ्या मुंग्यांची ओळ. आजोबा प्रत्येक चित्राशी थांबले. दुसरं चांगलं होतं. तिसरं त्याहून चांगलं होतं.

विनुतानं विचारलं, "अक्का, तुम्ही सोनं का नाही लावत?"

"तूच सांग बघू."

विनुतानं विचार केला. "कोलमला कोण सोनं लावतं?"

कविता तोपर्यंत अवघडून उभी होती. ती पहिल्यांदा हसली. "हे अप्पांना सांग जरा. त्यांना वाटतं मी सराव करते."

खोलीच्या मध्ये जमिनीवर एक मोठी फळी होती, दाराएवढी. तिच्यावर पेन्सिलीनं ठिपके घातलेले. हे मार्गळीतलं कोलम होणार होतं. मार्गळी म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा तमिळ महिना. त्या महिन्यात पहाटे धुक्यात बायका गल्लीभर पसरतील एवढी मोठी कोलमं काढतात. "आणि मधोमध चालण्याची वाट," कविता बोटानं दाखवत म्हणाली. "घरातून बाहेर जाणाऱ्यांची, बाहेरून आत येणाऱ्यांची. तिथं रेघा झिजलेल्या. कुठं नुसता अंदाज. एवढं मोठं मला पेलतं का ते बघायचंय."

आजोबांनी त्याच दिवशी वाणी मॅडमना फोन केला आणि छोट्या चित्रांचे फोटो पाठवले. मॅडमना ती आवडली. त्यांच्या गॅलरीत दरवर्षी एक खोली एका नव्या चित्रकाराला मिळायची, आणि त्या खोलीतून गेलेल्याचं नाव पुढे सगळीकडे व्हायचं. "पण लहान चित्र पुष्कळांना जमतं," त्या म्हणाल्या. "मोठं तयार झालं की येते. ते बघून ठरवीन."

हे सांगायला आजोबा विनुताला घेऊन परत गेले, तेव्हा कविता कठड्याशी उभी राहून खाली पडवीकडे बघत राहिली. मणी डोळे बारीक करून कृष्णाच्या मुकुटात काचेचे खडे बसवत होता.

"खरं सांगू का सर," ती म्हणाली, "यंदाचं हे शेवटचं. अप्पांना आता एकट्यानं ऑर्डरी होत नाहीत. गॅलरीतली ती खोली मिळाली, चित्रं विकली गेली, तर मी वर काम करू शकेन आणि खाली अप्पांच्या हाताखाली एखादा माणूस ठेवता येईल. नाही मिळाली तर मीच खाली बसणार. कृष्ण काढायला मला येतात. वाईट नाही ते काम. पण मग ही वरची खोली बंद."

परतताना टाऊन बसमध्ये विनुता म्हणाली, "आजोबा, मी स्विचबोर्डखाली बघितलं नसतं तर?"

"तर कुणीतरी कधीतरी बघितलं असतं. किंवा नसतं. म्हणून तर बघायचं असतं, गे."

*

जानेवारीत पोंगलच्या सुट्टीत वाणी मॅडम आल्या. सुती साडी, पांढरे होत चाललेले केस, आवाज हळू. आजोबा आणि विनुता त्यांना घेऊन सकाळीच मणीकडे गेले. मणीच्या दारात मोठं कोलम होतं. सगळ्यांनी चपला काढल्या, त्यावरून चालत पडवीत आले.

कविता घरी नव्हती. पापनाशमला मावशीकडे बारसं होतं, आदल्या दिवशी ती तिकडे गेली होती, आणि सकाळच्या बसनं येते म्हणून सांगून गेली होती. जाताना बापाला एवढंच म्हणाली होती, "अप्पा, मॅडम लवकर पोचल्या तर मोठं चित्र तेवढं खाली आणून ठेवा."

मणीनं ते खाली आणलं होतं. भिंतीला टेकवून वर स्वच्छ वेष्टी, म्हणजे धोतर, चित्राला टेकणार नाही अशी पसरली होती. तो स्वतः आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होता. मॅडम टेकल्यावर त्यानं झाकलेलं कापड दोन्ही हातांनी काढलं.

पडवी उजळून निघाली.

कोलमची प्रत्येक रेघ सोन्याची होती. मधोमध जी चालण्याची वाट होती, जिथं कवितानं रेघा झिजवल्या होत्या, तिथंही आता अखंड, ठसठशीत सोनं.

"पोरीला वेळ झाला नाही," मणी म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं भरून आला होता. "काल वरचं कापड काढून बघतो तर काय, सगळा लगदा उघडा! आणि मध्ये मध्ये उडालेला. म्हटलं, चेन्नईहून माणसं येणार आणि माझ्या पोरीचं चित्र असं बिनदागिन्याचं उभं करायचं? लग्नाला उभी राहिलेली मुलगी कुणी मोकळ्या गळ्यानं पाठवतं का? उडालेलं सगळं भरून काढलं, पंख्याखाली वाळवलं आणि पहाटे सोनं चढवलं. एका लग्नाच्या ऑर्डरीसाठी ठेवलं होतं सोनं. त्यांना म्हटलं थांबा. हात तेवढा लावू नका मॅडम, अजून ओलं आहे."

विनुतानं आजोबांकडे बघितलं. आजोबा चित्राकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला होता.

मणीला आपण हसायचं नाही बरं का. त्याच्या जगात उघडा लगदा म्हणजे अर्धवट काम. लहानपणापासून त्याला तेच शिकवलेलं. जवळ होतं ते सगळ्यात चांगलं त्यानं मुलीच्या चित्राला दिलं होतं. फक्त आधी तिला विचारलं नव्हतं.

वाणी मॅडम उठून जवळ गेल्या. बराच वेळ बघितलं. "तुमचा हात फार सुंदर आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, आणि ते खरं होतं. मग आजोबांच्या बाजूला वळून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगितलं होतं ते हे नाही ना? सोन्याचं काम मला हवं तेवढं मिळतं. मी वेगळं काही बघायला आले होते."

"हे चित्र कालपर्यंत वेगळं होतं," आजोबा म्हणाले.

"असेल. पण मी कालचं चित्र भिंतीवर कसं लावू?" त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "कुंभकोणमला आणखी एकाचं काम बघायचं आहे. दुपारपर्यंत पोचायला हवं."

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. कविता आली. खांद्याला कापडी पिशवी, केसांत मावशीनं माळलेली फुलं. ती उंबऱ्यातच थांबली.

"ये गे, ये!" मणी म्हणाला. "बघ तुझं चित्र!"

कवितानं बघितलं. पिशवी खांद्यावरून घसरली आणि खाली पडली. ती काहीतरी बोलणार होती, पण तिनं बापाच्या हातांकडे बघितलं. नखांत सोनं होतं. डोळे जागरणानं लाल झाले होते.

"छान झालंय, अप्पा," ती म्हणाली.

वाणी मॅडमनी पर्स उचलली. कवितानं ते पाहिलं आणि मान खाली घातली. मणी एकदा मुलीकडे, एकदा मॅडमकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून गेलं.

"काही चुकलं का माझं?" त्यानं विचारलं.

मोठी माणसं अशा वेळी उत्तर देत नाहीत, पंख्याकडे बघतात.

विनुताला काय करावं कळेना. म्हणून तिनं तिला येत होतं ते केलं. चित्राकडे पाठ केली आणि डोळे मिटले. आत काय उरलं? सोनं. नुसतं सोनं, त्या हॉलसारखं. मग तिनं वरच्या खोलीतली ती फळी आठवली, पेन्सिलीच्या ठिपक्यांची, आणि तिच्यावरून फिरणारं कविता अक्काचं बोट. घरातून बाहेर जाणाऱ्यांची वाट, बाहेरून आत येणाऱ्यांची वाट. त्या वाटेचं काय झालं? तिनं डोळे उघडले. समोर दार होतं आणि दाराबाहेर मणीच्या घरचं खरं कोलम. सगळे जण आत आले होते, त्या जागी ते पुसलं गेलं होतं.

ती वळली. "अक्का," ती म्हणाली, "ह्यावरून अजून कुणी चाललं नाही."

"काय?"

"हे सकाळचं कोलम आहे. आत्ताच काढलेलं. ह्यावरून चालायचं राहिलंय ना?"

मणीनं कानाला हात लावले. "चालायचं? सोन्यावरून? शिव शिव! काय बोलतेस, बाळा?"

"पण मणीमामा, ते कोलमच आहे," विनुता म्हणाली. आता ती अर्धं तमिळमध्ये, अर्धं मराठीत भराभर बोलायला लागली. "माझी आजी मार्गळीत केवढं मोठं काढते! मी शाळेला जाते ती त्यावरूनच जाते. आधी मी कडेनं उड्या मारत जायची. तर आजी म्हणाली, वेडे, मधून जा. लक्ष्मी येते ती सुद्धा पायांनीच येते."

मग वाणी मॅडमनी खाली स्वतःच्या पावलांकडे बघितलं. तळव्यांना पांढरं पीठ लागलं होतं. मणीनंही ते बघितलं. पावलांवरून त्याची नजर पडवीच्या फरशीवर गेली, तिथून उंबऱ्याकडे, तिथून बाहेर. आत येणारी पांढरी पावलं एकात एक मिसळलेली होती. तो रोज हे बघत होता. आज बहुतेक पहिल्यांदा दिसलं.

"म्हणजे," तो हळूहळू कविताला म्हणाला, "मध्ये उडालेलं होतं, ते उडालेलं नव्हतं?"

कवितानं मान हलवली. "नव्हतं, अप्पा."

"आणि मी भरून काढलं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस ग मला?"

"तुम्ही वर कधी आलाच नाहीत."

मणी गुडघ्यावर हात टेकून उठला, फळीचं एक टोक धरलं आणि म्हणाला, "धर दुसऱ्या बाजूनं."

दोघांनी मिळून फळी भिंतीपासून उचलली आणि दाराच्या आत, उंबऱ्याला लागून आडवी ठेवली. बाहेरचं पिठाचं कोलम आणि आतलं सोन्याचं, मध्ये फक्त उंबरा.

"अप्पा, सोनं जाईल," कविता म्हणाली.

"जाऊ दे. जातंय कुठं? कुणाच्यातरी पायालाच लागतंय ना?" मणी म्हणाला. "मीच चाललो असतो, पण माझा पाय पडला तर सोनं राहील बाजूला, फळीच मोडेल."

आजोबा हसले. मग सगळ्यांनी एकदमच विनुताकडे बघितलं, कारण त्या पडवीत सगळ्यात हलकी तीच होती.

कवितानं तांब्याभर पाणी आणलं आणि विनुताच्या पायांवर ओतलं. बोटांच्या मधूनसुद्धा. विनुता बाहेर जाऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. मणीचा तळहात ओठांवर होता. तिनं उजवा पाय उचलला आणि सोन्यावर ठेवला. थंडगार. जरा चिकट. तिनं पाय उचलला तर टाचेएवढं सोनं तळव्याला लागून आलं, आणि फळीवर राहिली ती खालची मऊ पांढरी रेघ, थोडी दबलेली, आणि कडेला सोन्याची नुसती आठवण. मग दुसरं पाऊल. मग तिसरं. विनुता पलीकडे पोचली तेव्हा सोन्याच्या मधून एक पांढरी वाट गेलेली होती.

वाणी मॅडम पर्स बाजूला ठेवून फरशीवरच बसल्या. बसूनच पुढे सरकल्या, वाकल्या, फळीच्या कडेनं डोळा लावून बघितलं. कुठं सोनं अख्खं होतं, कुठं पायानं नेलेलं. बापाचं काम दिसत होतं, लेकीचं दिसत होतं, आणि त्यांच्या मधून कुणीतरी गेल्याचंही दिसत होतं. त्यांनी कुणाकडे न बघता फोन काढला.

"हां, मी बोलतेय. आज कुंभकोणमला येणं होत नाही. त्यांची माझ्यातर्फे क्षमा मागा. पुढच्या वर्षी नक्की बघीन म्हणावं." त्या थांबल्या. "हो. यंदाची खोली गेली. तंजावूरला."

त्याचा अर्थ मणीला न समजायला काय झालं होतं? तो धप्पकन खाली बसला आणि त्याच वेष्टीनं डोळे पुसायला लागला, जिनं सकाळी चित्र झाकलं होतं.

"मॅडम, थांबा," कविता म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती फळीपाशी उकिडवी बसली होती, भुवया आखडलेल्या, जणू खोली मिळाल्याचं तिनं ऐकलंच नव्हतं. "अजून झालेलं नाही."

"काय राहिलं?"

"हे फार जपून चाललेलं आहे. देवळात चालल्यासारखं. असं कुणी घरातून बाहेर पडत नाही." तिनं वर बघितलं. "विनुता, तुला शाळेला उशीर झाला की तू कशी जातेस?"

विनुतानं आजोबांकडे बघितलं. आजोबांनी खांदे उडवले, 'मला काय विचारतेस, काम त्यांचं आहे' असे.

विनुतानं परत पाय ओले केले. दप्तर नव्हतं, म्हणून कविता अक्काची पापनाशमची पिशवी उचलून पाठीला अडकवली. पडवीच्या अगदी आतल्या टोकाला जाऊन उभी राहिली, मनातल्या मनात शाळेची घंटा ऐकली, आणि सोन्यावरून, उंबऱ्यावरून, पिठावरून थेट गल्लीत धावत सुटली.